चौथी गोळी सुरू करण्याआधी फिट एकदा नीट बघा

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मुलगा १७ वर्षांचा, अडीच वर्षांपासून फिट येते, तीन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत, तरी महिन्यातून चार-पाच वेळा येतेच. एमआरआय नॉर्मल, ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) नॉर्मल. एक डॉक्टर टेन्शन म्हणतात, दुसऱ्यांनी चौथी गोळी लिहून दिली, आणि खानापुरात नातेवाईक ‘बाहेरचं बघा’ म्हणून मागे लागलेत. आता कुठं जावं, असं तुम्ही विचारलंय. कुठं ते सांगतोच, पण आधी काय घेऊन जायचं ते सांगतो. आमची सहा वर्षं त्यातच वाया गेली.

मी डॉक्टर नव्हे. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम करतो. धाकट्या बहिणीला पहिली फिट आली तेव्हा ती पीयूसीला (अकरावी-बारावीला) होती. पुढं तिचं लग्न चंदगड तालुक्यात झालं. एवढ्या काळात रिपोर्टांची पिशवी फुगत गेली, पण त्या पिशवीत फिट नेमकी कशी येते याचा एकही कागद नव्हता. डॉक्टरांनी विचारलं की आम्ही सांगायचो, “पडते, हातपाय झाडते, तोंडाला फेस येतो.” ते मान डोलवायचे आणि गोळी वाढायची.

मग एका न्यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांनी, पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, “आधी कुठला हात कडक होतो?” घरात पाच माणसं, शंभराच्या वर फिट बघितलेल्या, आणि एकालाही सांगता येईना. येणार कसं? फिट आली की एक जण कांद्याला पळतो, एक लोखंडाची किल्ली शोधतो, एक हात दाबून धरतो, आणि आई माझ्यावर ओरडते, “बघुलालास काय, चप्पल आण की!” बघायचं काम तेवढं कुणी केलं नाही. (कांदा, किल्ली, चप्पल यांनी काही होत नाही. तोंडात चमचा तर मुळीच घालू नका, दात तुटतात. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा.)

त्यानंतर माझ्या मुलाला मोबाईल घेऊन बसवलं. महिनाभरात दोन व्हिडिओ मिळाले. पहिल्यात तिचे डोळे उघडे, मान डावीकडे वळते, डावा हात ताठ होतो, मग सगळं अंग झटके देतं. दीड मिनिटात संपलं, जिभेची कड चावलेली, नंतर अर्धा तास गुंगी. दुसऱ्यात डोळे गच्च मिटलेले, डोकं या बाजूला त्या बाजूला हलतंय, झटके थांबतात आणि परत सुरू होतात, असं बारा मिनिटं. संपल्यावर ती रडली आणि लगेच मला “दादा” म्हणून हाक मारली. आमच्या लेखी दोन्ही एकच फिट. डॉक्टरांनी मात्र दोन्ही व्हिडिओ तीनदा बघितले आणि म्हणाले, “या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. व्हिडिओ ईईजी करून घ्या.”

ते आम्ही बेंगलोरला निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात केलं. पेशंटला भरती करून घेतात, डोक्याला तारा आणि समोर कॅमेरा रात्रंदिवस. त्यांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी करतात, म्हणजे फिट तिथंच यावी. घरी असं कधी करायचं नाही. चार दिवसांत दोन्ही प्रकार पकडले गेले. पहिल्या प्रकारात मेंदूच्या उजव्या बाजूला विजेचा गडबडगुंडा स्पष्ट दिसला. दुसऱ्या प्रकारात अंग झटके देत होतं आणि मेंदूच्या लहरी जाग्या माणसासारख्या.

या दुसऱ्या प्रकाराबद्दल जरा थांबून सांगतो, कारण त्यावरून घरं मोडतात. ते नाटक नव्हे. ती मुद्दाम करत नाही, तिला ते थांबवताही येत नाही. मनावरचा ताण शरीर असं बाहेर काढतं. हा ओळखीचा आजार आहे, आणि खरी मिरगी असलेल्या माणसाला तो सोबतीला असू शकतो. तिच्या बाबतीत तो लग्नानंतर वर्षभराने सुरू झाला होता. सासरी काय चाललं होतं ते इथं लिहीत नाही. पण त्या बारा मिनिटांच्या झटक्यांपायी दर वेळी गोळी वाढली. एकदा एका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत इंजेक्शनवर इंजेक्शन देऊन तिला आयसीयूत टाकलं, श्वासाची नळी घालायची वेळ आली. जे औषधाने थांबणारच नव्हतं, त्यासाठी. मिरगीवरच्या गोळीचा त्या झटक्यांवर उपयोग नसतो, समुपदेशनाचा असतो. त्यासाठी दर पंधरवड्याला बेंगलोर जमणारं नव्हतं, म्हणून धारवाडच्या डिमहान्सला, तिथल्या मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, जायला लागलो. बेळगावातनं सकाळची बस धरली की संध्याकाळी घरी.

आता चार गोळ्यांच्या दोन झाल्यात. दुसरा प्रकार जवळपास गेला. पहिला दोन-तीन महिन्यांतून एकदा येतो. निम्हान्समध्ये परत काढलेल्या एमआरआयमध्ये एक बारीक डाग दिसला, पण तो हात हलवणाऱ्या भागाला खेटून आहे, म्हणून ऑपरेशन नको असं ठरलं. पूर्ण बरं झालं म्हणणार नाही. पण काय आहे ते कळलंय.

तुमच्या मुलाचंही असंच असेल असं मी म्हणत नाही. व्हिडिओत डोळे मिटलेले दिसले म्हणून घरीच निकाल लावू नका. पण “रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे टेन्शन” हा हिशोब चुकीचा आहे. साधा ईईजी वीस-तीस मिनिटांचा असतो. तेवढ्यात मेंदू शांत असला तर कागद नॉर्मल येणार. खरी मिरगी असलेल्या पुष्कळ लोकांचा पहिला ईईजी नॉर्मलच निघतो. रात्र जागवून, झोपेत काढलेल्या ईईजीत जास्त सापडतं. एमआरआयचंही तसंच. ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ म्हणून वेगळी पद्धत असते, त्यात बारीक काप घेतात. शक्यतो ३ टेस्लाच्या (जास्त ताकदीच्या) मशिनवर करा. आणि कागदी रिपोर्टबरोबर सीडी मागून घ्याच. मिरगीचे जाणकार चित्रं स्वतः बघतात, आधी कुणी काय लिहिलंय त्यावर थांबत नाहीत.

मुलाला एक विचारा. सकाळी उठल्यावर हाताला झटका बसून चहाचा कप पडतो का, ब्रश उडतो का? पोरं हे आपणहून सांगत नाहीत, त्यांना वाटतं सगळ्यांनाच होतं. या वयात सुरू होणारी एक मिरगी अशीच असते, आणि जागरणाने ती हमखास उसळते, गणपतीत, जत्रेत. तिच्यात कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन दिलं तर झटके वाढू शकतात. म्हणजे गोळी लागू पडत नाही असं वाटतं, आणि खरं तर गोळीच चुकलेली असते. फेनिटॉइन चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी एकदा तपासा. त्याचा डोस थोडा वाढवला तरी पातळी एकदम उडी मारते. बहीण मध्यंतरी दारू प्याल्यागत झोकांड्या खात होती, हिरड्या सुजलेल्या, आणि आम्ही ते अशक्तपणावर ढकललं.

ईसीजी झालाय का? नसेल तर आधी तो. हृदयाच्या ठोक्यात गडबड असली तरी माणूस कोसळतो आणि चार झटके देतो, आणि त्याला वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चालू राहतात. डोक्यावरनं कढत पाणी घेतानाच फिट येते असं तर नाही ना? ही भानगड आपल्या कर्नाटकात जास्त दिसते, निम्हान्सने त्यावर बरंच कामही केलंय. कोमट पाणी घेतलं की निम्मा प्रश्न सुटतो. मेंदूतली जंतूची गाठ हेही आपल्याकडचं मोठं कारण आहे. ती डुकराचं मांस न खाणाऱ्यालाही होते, कारण त्या जंतूची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा घाण पाण्यातून पोटात जातात. ती गाठ मात्र बहुतेक वेळा स्कॅनमध्ये दिसते. आणि फिटबरोबर काही आठवड्यांत वागणं, बोलणं, आठवण बदलली असेल, तर “ऑटोइम्यून एन्सेफलायटिस असेल का?” (शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे मेंदूला येणारी सूज) हा प्रश्न तोंडाने विचारा. त्याला वेगळे उपचार आहेत आणि तिथं उशीर चालत नाही.

चौथ्या गोळीबद्दल. ग्लासगोतल्या डॉक्टरांनी २००० साली छापलेला एक अभ्यास मला बेंगलोरच्या निवासी डॉक्टरांनी समजावून सांगितला होता. आधी औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्क्यांची फिट पहिल्याच औषधाने थांबली, आणखी १४ टक्क्यांची दुसऱ्या किंवा तिसऱ्याने, आणि दोन औषधं एकत्र देऊन फक्त ३ टक्क्यांची. म्हणून मिरगीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये व्याख्या केली: योग्य निवडलेली, पुरेशा डोसची दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबत नसेल, तर ती औषधाला दाद न देणारी मिरगी. पुढची गोळी घेऊच नये असं यातून निघत नाही. निघतं ते एवढंच, की दोन हरल्यावर मिरगीच्या केंद्रात जाऊन मुळापासून तपासून घ्यायचं. तुमचा मुलगा त्या रेषेच्या पुढं गेलाय, अर्थात गोळ्या वेळेवर घेत असेल तर. तेही प्रेमाने विचारा. कॉलेजला जाणारी पोरं दुपारची गोळी खिशातच ठेवतात.

तर कुठं? तुम्हाला खानापुरातनं निम्हान्स सोयीचं. रात्रीची गाडी धरली की सकाळी बेंगलोर. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून मिरगीची ऑपरेशनं होतात, तेही नाव लक्षात असू द्या. पण आधी बेळगावातल्या न्यूरॉलॉजिस्टकडून चिठ्ठी घ्या आणि त्यात ‘व्हिडिओ ईईजीसाठी’ असं लिहून मागा. नुसतं ‘पुढील उपचारासाठी’ लिहिलेली चिठ्ठी ओपीडीत फिरत राहते. कन्नड नीट बोलणारं एक माणूस बरोबर न्या. डॉक्टरांशी हिंदीत भागतं, पण खिडकीवर, वॉर्डात, सहीच्या फॉर्मवर कन्नड येणारा असला की निम्मं काम हलकं होतं.

पैशाचं. कर्नाटकाचं रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक आहे. बीपीएलला कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. मोठ्या उपचारांसाठी आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, ते निघायच्या आधी घ्या. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना लागू करायचं त्या सरकारने २०२३ मध्ये ठरवलं. कोल्हापूरकडं जाणार असाल तर तिथल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्याला) विचारून, कागद बघूनच निघा. आमच्या बहिणीचं नाव माहेरच्या कार्डातनं कमी झालेलं आणि सासरच्या कार्डात चढलेलं नव्हतं. इकडचीही नाही, तिकडचीही नाही. पहिल्या भरतीचे पैसे सगळे खिशातनं गेले. मुलाचं नाव कार्डात आहे का, आधारशी जुळतं का, आजच बघा.

देवाधर्माला माझी ना नाही. आई दरवर्षी सौंदत्तीला जाते, मीच गाडीत बसवून देतो. पण अंगारा देणाऱ्याने आमची गोळी दोनदा बंद करायला लावली आणि दोन्ही वेळा फिटवर फिट लागून रात्री पळावं लागलं. गोळी बंद कर म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नका, मग तो कुणी का असेना.

तोवर विहिरीवर, नदीत, ट्रॅक्टरवर, मोटरसायकलवर तो नको. न्हाणीघराची कडी आतनं लावू देऊ नका. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध न येता लगेच दुसरी आली, तर १०८ ला फोन. लांबलेली फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो, वजनाप्रमाणे डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि घरात दोघांना शिकवून ठेवा.

व्हिडिओ घेताना चेहरा आणि दोन्ही हात दिसू द्या, पांघरूण काढा, दिवा लावा. मध्येच नाव घेऊन हाक मारा, “हात वर कर” म्हणा, एखादा शब्द सांगा आणि शुद्धीवर आल्यावर तो आठवतो का विचारा. दोन व्हिडिओ झाले की एका कागदावर गोळ्यांची नावं, डोस, कधी सुरू आणि कधी बंद एवढं लिहा. आणि मला दोन गोष्टी कळवा: फिट जास्त करून झोपेत येते की उठल्यावर, आणि आता चालू असलेल्या तीन गोळ्या कुठल्या?