तालिबान आला, आली, आलं की आले?

प्रश्न असा आलाय : "बातम्यांत कधी 'तालिबानने', कधी 'तालिबान्यांनी', कधी 'एक तालिबानी ठार' असं वाचतो. तालिबान हे संघटनेचं नाव की माणसांचं? एकवचन की अनेकवचन? आणि एकच माणूस असेल तर त्याला म्हणायचं काय?"

थोडक्यात सांगायचं तर मुळात अनेकवचन, आणि एकटा असेल तर तो तालिब. पण एवढ्यावर सोडलं तर मजा गेली, कारण या एका शब्दात व्याकरणही आहे आणि गेल्या चाळीसेक वर्षांचा बराच इतिहासही.

तालिब हा शब्द अरबी, धातू त-ल-ब, अर्थ मागणं, शोधणं, हवं असणं. आपल्याला चहाची तलब येते ती याच घरातली आणि मतलबही तिथलाच, म्हणजे जे हवंय ते. तालिब म्हणजे ज्याला तलब लागलीये तो, आणि ज्ञानाची लागली असेल तर तालिब-ए-इल्म, विद्यार्थी. पुढचा 'आन' मात्र अरबी नाही, तो फारसी अनेकवचनाचा प्रत्यय, पश्तोतही चालतो. शिवकालीन पत्रांचे मायने चाळलेत तर 'कारकुनानि', 'देसमुखानि' अशी रूपं दिसतील, त्यातला आन हाच. म्हणजे प्रत्यय आपल्या ओळखीचा आहे, फक्त आपण विसरलोय. गंमत म्हणजे शुद्ध अरबी कानाला 'तालिबान' हे द्विवचन वाटतं, बरोब्बर दोन विद्यार्थी! अरबीत दोनपेक्षा जास्त असतील तर तुल्लाब किंवा तलबा.

आता मूळ अनेकवचन आहे म्हणून 'तालिबानने' लिहिणारा चुकला का, तर माझ्या मते अजिबात नाही. अरबी अनेकवचनं घ्यायची आणि बिनदिक्कत एकवचनात वापरायची ही मराठीची जुनी खोड आहे. औलाद म्हणजे मुलं, वलदचं अनेकवचन, पण आपण एकट्याकडे बघून 'काय औलाद आहे' म्हणतो. असामी हे मुळात इस्म म्हणजे नाव, त्याचं अनेकवचन, आपल्याकडे ती एक असामी झाली, तीही बडी. उमराव हे अमीरचं अनेकवचन, त्यामुळे अमीरउमराव म्हणताना आपण एकवचन आणि अनेकवचन शेजारी शेजारी बसवतो आणि कुणालाच काही खटकत नाही. तेव्हा तालिबान हे 'सैन्य' किंवा 'टोळी'सारखं समूहवाचक नाम मानून एकवचनात चालवलं तर ते मराठीच्या वळणाला धरूनच आहे.

'तालिबानी'चं काय? विशेषण म्हणून झकास, तालिबानी राजवट, तालिबानी फतवा. नाम म्हणून 'एक तालिबानी' हे मला जरा खटकतं, कारण ते इराणी, पाकिस्तानी यांच्या रांगेत जाऊन बसतं, जणू तालिबान नावाचा एखादा देश आहे आणि हा तिथला रहिवासी. चूक म्हणणार नाही, आपला ई प्रत्यय लावून शब्द नीट बनलाय, लोकांना कळतो. पण हाताशी सुटसुटीत 'तालिब' असताना विद्यार्थ्यांचं आधी अनेकवचन करायचं, मग त्याला ई लावून पुन्हा एकवचन करायचं आणि त्याचं परत 'तालिबान्यांनी' असं अनेकवचन करायचं, हा द्राविडी प्राणायाम कशाला? हीच भानगड फिदायीनची. एक असेल तर फिदायी, अनेक असले तर फिदायीन. आपण एखाद्या गाण्यावर फिदा होतो ना, तोच फिदा, ओवाळून टाकणं.

आता मुद्द्याचं. हत्यारबंद लोकांनी स्वतःला विद्यार्थी का म्हणवून घ्यावं? त्याचं उत्तर आधीच्या शब्दात आहे, मुजाहिदीन. हेही अनेकवचन, एक असेल तर मुजाहिद, जिहाद करणारा. डिसेंबर १९७९मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि पुढची नऊ वर्षं त्यांच्याशी जे लढले ते मुजाहिदीन, अमेरिकेचा आणि सौदीचा पैसा, वाटप पाकिस्तानच्या आयएसआयमार्फत, पेशावरमध्ये सात पक्षांची दुकानं मांडलेली. तेव्हा तो शब्द पाश्चात्त्य पेपरातसुद्धा कौतुकाचा होता, हे आज सांगून पटत नाही. १५ फेब्रुवारी १९८९ला शेवटचा सोव्हिएत सैनिक बाहेर पडला, एप्रिल १९९२मध्ये सोव्हिएतांच्या पाठिंब्यावर बसलेल्या राष्ट्राध्यक्ष नजीबुल्लाचं सरकार कोसळलं, आणि मग हेच मुजाहिदीन काबूलच्या गादीसाठी आपसात असे लढले की निम्मं शहर ढिगारा झालं. कंदाहारकडे तर दर काही मैलांवर एका कमांडरची साखळी आडवी, पैसे टाका आणि पुढे जा. लूट, अपहरण, बलात्कार सगळं चालू. मुजाहिद हा शब्द लोकांच्या मनातून उतरला तो असा.

१९९४मध्ये कंदाहारच्या आसपास मुल्ला उमरच्या भोवती जी मंडळी जमली त्यातले बरेच स्वतः सोव्हिएतांविरुद्ध लढलेले होते, उमरचा तर एक डोळा त्या लढाईत गेलेला, आणि पाठोपाठ भरती झाली ती सीमेपलीकडच्या मदरशांतून, निर्वासित छावण्यांत वाढलेल्या पोरांची. यांना नाव हवं होतं ते त्या बदनाम कमांडरांपासून वेगळं दाखवणारं. आम्ही पक्ष नाही, आम्हाला गादी नको, आम्ही साधे मदरशातले विद्यार्थी. पश्तून खेड्यात तालिब म्हणजे मशिदीत राहून शिकणारा, लोकांनी दिलेल्या भाकरीवर जगणारा गरीब पोरगा, त्यामुळे नावाला एक सोज्वळपणा होता. माझ्या मते त्या नावानं जे काम केलं ते शंभर भाषणांनी झालं नसतं.

गादी नको म्हणणाऱ्यांनी पुढे काय केलं ते शब्दांतच दिसतं. एप्रिल १९९६मध्ये उमर कंदाहारात पैगंबरांचा म्हणून जपलेला झगा घेऊन गच्चीवर उभा राहिला आणि 'अमीर-उल-मोमिनीन' झाला, श्रद्धावंतांचा नेता. (मोमिनीन पण अनेकवचन, एक असेल तर मोमिन.) त्याच सप्टेंबरात काबूल पडलं, नजीबुल्लाला मारून भर चौकात लटकवलं गेलं. राज्याचं नाव मग ठेवलं 'इमारत'. मराठी माणूस इथे हमखास अडखळतो. बांधकामाची इमारत वेगळी, ती अरबी लिपीत 'ऐन' अक्षराने लिहितात. अमीराची इमारत 'अलिफ'ने. देवनागरीत आल्यावर दोघी एक होतात, म्हणून आपल्याकडे अमिरात लिहितात ते बरंय.

तसाच घोळ अल कायदाचा, लोक विचारतात हा कसला कायदा. शब्द तोच आहे हो! अरबी काइदा म्हणजे पाया, बैठक, तळ, आणि त्यावरूनच नियम. आपण नियमाचा अर्थ उचलला, १९८८मध्ये पेशावरात ती संघटना उभी करणाऱ्यांना पायाचा किंवा तळाचा अर्थ हवा होता.

बरं, एकवचनाला मी वर परवानगी दिली खरी, पण एक ठिकाण असं आहे जिथे ते दिशाभूल करतं. डिसेंबर २००७मध्ये बैतुल्ला मेहसूदच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानातले निरनिराळे गट एकत्र आले ते 'तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान'. उमरच्या अफगाण तालिबानशी निष्ठा सांगत असले तरी संघटना वेगळी आणि भांडण पाकिस्तान सरकारशी. ९ ऑक्टोबर २०१२ला स्वातमध्ये शाळेच्या गाडीत शिरून मलालावर गोळ्या झाडल्या त्या यांनी, १६ डिसेंबर २०१४ला पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये शिरून शंभरावर मुलं मारली तीही यांनीच, आणि त्या हत्याकांडाचा तर अफगाण तालिबाननं निषेध केला होता. आपल्या मथळ्यांत दोन्हीकडे नुसतं 'तालिबान', जणू एकच टेबल, एकच साहेब. अशा वेळी 'पाकिस्तानी तालिबान' आणि 'अफगाण तालिबान' असं फोडून लिहावं, जागा अपुरी पडते ही सबब मला पटत नाही.

आणि या शब्दाचं स्त्रीलिंग सहसा कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. तालिबा म्हणजे विद्यार्थिनी, अनेक असल्या तर तालिबात. उर्दूत रोजच्या वापरातले शब्द आहेत. म्हणजे त्या गाडीत मलालाला हुडकायला जो शिरला तो तालिब, आणि ती तालिबा. २०२१नंतर अफगाणिस्तानात सहावीच्या पुढे मुलींना शाळा नाही, २० डिसेंबर २०२२ला विद्यापीठंही बंद केली. विद्यार्थी नाव लावणाऱ्यांच्या राज्यात तालिबात हा शब्द वापरायला जागाच कमी उरलीये.

राहिला लिंगाचा प्रश्न. पेपरवाल्यांनी इथे नकळत पळवाट काढलीये, 'तालिबान सत्तेत आले' असं छापतात. लेखी मराठीत 'आले' हे नपुंसकलिंगी एकवचनही असतं (राज्य आले) आणि पुल्लिंगी अनेकवचनही (लोक आले), त्यामुळे कसंही धरा, बरोबरच. बोलताना मात्र ठरवावं लागतं. समूह म्हणून 'तालिबान आलं', माणसं म्हणून 'तालिबान आले'. 'तालिबान आली' हे संघटना मनात धरून होतं, ऐकू येतं, पण मला रुचत नाही. १५ ऑगस्ट २०२१च्या रात्री टीव्हीवर काबूलच्या राष्ट्राध्यक्षाच्या टेबलामागे बंदुका घेऊन दाटीवाटीने बसलेली, उभी राहिलेली ती गर्दी दाखवत होते, तेव्हा माझ्या तोंडून 'तालिबान आले' असंच निघालं.