एक क्लिक, दोन ठोके

प्रश्न : माझ्या माऊसवर एकदा क्लिक केलं की दोनदा होतं. घेऊन वर्षही झालं नाही. हल्ली म्हणे सगळं कॉम्प्युटरवर आखतात, थ्रीडी प्रिंट काढून तपासतात. मग असला दोष आधीच सापडत कसा नाही?
– एक वाचक

उत्तर : तुमचा वैताग रास्त आहे, आणि त्यातला थोडा माझ्या खात्यावर टाकलात तरी चालेल. माऊस-कीबोर्डचे नमुने बनवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

आमचं काम सुरू व्हायचं ते फोमच्या ठोकळ्यापासून. कटरने कापायचा, पॉलिश पेपरने घासायचा, हातात धरून बघायचा, पुन्हा घासायचा. पडद्यावर देखणा दिसणारा आकार करंगळीला अधांतरी ठेवतो, हे तळहाताखाली आल्याशिवाय कळत नाही. रीत जुनीच आहे. डग्लस एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४ साली बनलेला पहिला माऊस लाकडी ठोकळाच होता, खाली काटकोनात दोन चाकं, वर एकच बटण. १९८० साली ॲपलच्या माऊसचा कच्चा नमुना जुळवला गेला तेव्हा तर रोल-ऑन डिओडरंटमधला गोळा काढून वापरला होता!

थ्रीडी प्रिंट आकार दाखवते, पण बटणाच्या स्पर्शाबाबत चक्क फसवते. थरावर थर बसलेलं प्लास्टिक साच्यातल्या भागासारखं वाकत नाही. एकदा आमचं डावं बटण प्रिंटवर छान खटकन वाजलं, सगळे खूश. साच्यातून पहिले भाग आले, तर बटण आधी नुसतंच खाली जायचं आणि मग क्लिक. बटणाच्या पोटाला एक बारीक दांडी असते, ती स्विचवर टेकते. ती आम्ही मुद्दाम आखूड ठेवलेली. पोलादी साच्यातला धातू कोरून काढणं सोपं, परत भरणं महागाचं आणि किचकट. कोरलं की खळगा खोल होतो आणि दांडी लांबते. पण किती लांबवायची? मी चिमट्याने दांडीच्या टोकावर सेलोटेपचा तिळाएवढा तुकडा चिकटवला. ढिलंच. दुसरा लावला, बरं वाटलं. तिसऱ्याला नेमकं बसलं. हाव सुटून चौथा लावला, तर स्विच दाबलेलाच राहिला. तीन थर मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे जाडी मोजायच्या उपकरणात, धरले : ०.१५ मिलिमीटर. तेवढाच आकडा साचेवाल्याला कळवला.

आता तुमची डबल क्लिक. स्विचच्या आत धातूची पातळ पट्टी असते. ती संपर्कावर आदळते, उसळते, पुन्हा टेकते, सगळं काही मिलिसेकंदांत. हे ठोके वेगळे मोजले जाऊ नयेत म्हणून माऊसमधला प्रोग्रॅम पहिल्या ठोक्यानंतर क्षणभर कान बंद ठेवतो. पट्टी थकली किंवा संपर्कावर मळ चढला की ही उसळ लांबते, कान उघडतात आणि दुसरा ठोका नवी क्लिक म्हणून मोजला जातो.

तपासणी होते, नाही असं नाही. यंत्राचं बोट सेकंदाला पाच वेळा बटण दाबत राहतं. दहा लाख क्लिक साडेपंचावन्न तासांत उरकतात. गोम तिथेच आहे. क्लिकची संख्या भरते, पण मधले महिने, धूळ, दमट हवा, घामेजली बोटं त्या अडीच दिवसांत येत नाहीत. शिवाय यंत्र नेमकं मध्यावर सरळ दाबतं. तुम्ही-मी कडेला, तिरकं, कधी चिडूनही दाबतो.

वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका, बदलून मागा. संपली असेल तर आधी माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डिबाउन्स’ नावाची सेटिंग आहे का बघा; असली तर कान बंद ठेवण्याची ती वेळ थोडी वाढवा. नसेल तर नवा स्विच डाग देऊन (सोल्डर करून) बसवता येतो, बहुतेक स्विचना तीनच पाय असतात. स्क्रू दिसले नाहीत तर तळाच्या गुळगुळीत सरकपट्ट्यांखाली शोधा. पट्ट्या हेअर ड्रायरने जरा गरम करून मगच उचला, नाहीतर चुरगळतात आणि मग माऊस टेबलावर खरखरत राहतो.