सहा वर्षांचा मुलगा मारतो, वस्तू फेकतो. योग्य थेरपिस्ट कसा ओळखायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा शाळेत मुलांना मारतो, घरी हाताला लागेल ते फेकतो, दोन ठिकाणी नेलं तरी काही फरक नाही, आणि आता तिसरीकडे जायचं तर आधीच कसं कळणार? वाचून राहवलं नाही. माझी लेक पाच वर्षांची असताना आमचंही हेच चाललं होतं, आणि आम्हालाही तिसऱ्या खेपेलाच योग्य माणूस भेटला.

पहिल्या बाई लेकीला आत घेऊन जायच्या, पाऊण तास दार बंद, मी बाहेर बाकावर. बाहेर आल्या की "आज छान खेळली" एवढंच सांगायच्या. आत ती छानच वागायची, कारण तिथे तिला खेळ टाकून बूट घाल असं कुणी म्हणत नव्हतं. चार महिने असेच गेले. दुसरीकडे वीस मिनिटांच्या भेटीत निदानाचं एक मोठं नाव सांगितलं आणि पुढची तारीख दिली. मुलीला खेळताना कुणी पाहिलंही नाही.

तिसऱ्या बाईंनी पहिल्या भेटीला लेकीला बोलावलंच नाही. आम्हा दोघांना समोर बसवलं. मी "फार चिडते" म्हटलं की त्या विचारायच्या, "शेवटची कधी चिडली? त्याआधी काय चाललं होतं? तुम्ही काय केलंत? मग थांबली कशी?" घरी एक वही करायला सांगितली. तीन रकाने: आधी काय झालं, तिने काय केलं, त्यावर आपण काय केलं. दोन आठवड्यांत सतरा नोंदी झाल्या. त्यातल्या तेरा वेळा पहिल्या रकान्यात एकच गोष्ट होती, चालू असलेलं काही तरी थांबवायचं होतं. खेळ आवर, आंघोळीला चल, बूट घाल. आणि तिसऱ्या रकान्यात माझ्याच अक्षरात पुन्हा पुन्हा "जाऊ दे म्हटलं". ते वाचताना पोटात कालवलं. ओरडलं की सुटका होते, हे आम्हीच तिला शिकवत होतो. बाईंनी दोष दिला नाही. म्हणाल्या, मूल आवाज चढवतं, मोठे माघार घेतात, क्षणभर दोघांनाही बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी मूल आणखी आवाज चढवतं. जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने नेमक्या याच चक्रावर बरंच काम केलंय, हे मला पुढे कळलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. या वयात असा थेरपिस्ट शोधा जो मुलाइतकंच तुमच्याबरोबर काम करेल. मूल आठवड्यातला एक तास त्यांच्याकडे असतं, बाकी सगळा वेळ तुमच्याकडे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली अतिचंचल मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यातही चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी औषधाच्या आधी पालकांचं प्रशिक्षण सांगितलंय. मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेल्या, साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठीच्या पद्धतीत तर थेरपिस्ट काचेपलीकडे बसतो आणि मुलाशी खेळणाऱ्या आईच्या किंवा बाबांच्या कानातल्या यंत्रातून तिथल्या तिथे सुचवत राहतो. तुम्हाला हीच पद्धत मिळायला हवी असं नाही, पण काम साधारण असं चालायला हवं.

फोनवरच तीन गोष्टी विचारा. सेशनमध्ये मी कुठे असेन? फरक पडतोय हे कशावरून ठरवायचं? शाळेतल्या बाईंशी तुम्ही बोलाल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "हळूहळू जाणवेल" यावर समाधान मानू नका. आठवड्यात किती वेळा मारलं, किती वेळ आदळआपट चालली, असं मोजता येईल असं काही तरी त्यांनी सांगायला हवं. शिक्षण कुठलं, लहान मुलांबरोबर किती वर्षं काम केलंय, हेही विचारा. विचारल्याचा राग आला तर तिथे जाऊ नका. आणि "महिन्यात बरा करून देतो" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

आमच्या बाईंनी उलट आधीच बजावलं होतं, की माघार घेणं थांबवलंत की सुरुवातीला त्रास वाढेल. वाढलाच. एका सकाळी डाव्या बुटापायी चाळीस मिनिटं रडणं चाललं, मी दाराशी बूट हातात धरून बसून राहिले. ते आधी माहीत नसतं तर मी त्याच दिवशी थेरपी सोडली असती. त्यानंतर हळूहळू फरक दिसला. बाई जमिनीवर बसून तिच्याबरोबर ठोकळे रचायच्या आणि म्हणायच्या, "अजून पाच ठेवायचे, मग आवरायचं." पाचवा ठोकळा तिच्याच हाताने. घरी तेच केलं.

एक मात्र आधी करा: बालरोगतज्ज्ञांकडून ऐकणं, बोलणं आणि झोप तपासून घ्या. नीट ऐकू येत नसेल, मनातलं शब्दांत सांगता येत नसेल किंवा रात्री घोरण्यामुळे झोपमोड होत असेल, तर चिडचिड तिथूनही येते. औषधाची गरज वाटली तर ते डॉक्टरच देऊ शकतात, म्हणजे बालमानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक नाही. आणि वागणं अचानक बदललं असेल, कुणा एका माणसाला किंवा जागेला तो घाबरत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर वहीबिहीत वेळ घालवू नका. लगेच दाखवा आणि ही गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा.

तसं नसेल तर भेटीची वेळ मिळेपर्यंत तीन रकान्यांची वही आजच सुरू करा. मारणं शाळेत होतंय, म्हणून वर्गशिक्षिकेलाही तशीच एक द्या. दोन्ही वह्या पहिल्या भेटीत समोर ठेवा आणि त्या माणसाने त्या उघडून वाचल्या का, ते बघा.