धुऱ्यावरचं (बांधावरचं) उंबर तोडू का?

पावसाळ्यात उंबराबद्दल एखाद-दुसरा फोन येतोच. या वेळी चार प्रश्न आले.

पहिला वरूड तालुक्यातल्या संत्रा बागायतदाराचा: "साहेब, धुऱ्यावर मोठं उंबर आहे. रात्री पतंग त्याच्यावरून बगीच्यात येतेत, आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांच्या) फळांना टोचे मारतेत. झाड तोडू का?"

तोडू नका, दादा. फळातला रस शोषणारा हा पतंग उंबरावर वाढत नाही. त्याची अळी गुळवेल, वासनवेल असल्या वेलींची पानं खाऊन मोठी होते. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. उंबराच्या खोडाला लपेटून वर गेलेली, हृदयाच्या आकाराच्या पानांची ती वेल गुळवेलच आहे! काढायची तर ती काढा, बगीच्याभोवतालच्या कुंपणावरचीही काढा. औषधाला हवी असेल तर घराच्या आवारात लावा, बगीच्यापासून लांब. पिकलेल्या उंबरांच्या वासाला पतंग येतात हे मात्र खरं, म्हणून झाडाखालचा सडा रोज झाडून घ्या. टोचलेल्या फळाला बारीक छिद्र पडतं, भोवतालची साल पिवळी अन् मऊ होते, मग फळ गळतं. अशी गळलेली संत्री वेचून खड्ड्यात पुरा. दिवस बुडाला की बगीच्यात ओल्या पाल्याचा धूर करा आणि टॉर्च घेऊन फेरी मारा. हाताने पकडून मारलेला एकेक पतंगही कामाचाच.

दुसरा प्रश्न दारव्ह्याकडच्या ताईंचा. सासूबाई कच्च्या उंबराची भाजी करायच्या, पण आत किडे असतात म्हणून मुलं खात नाहीत.

मुलांचं खोटं नाही. परवा शिवारात एक पिकलेलं उंबर तळहातावर फोडलं, तर आतून बारीक चिलटांसारखे कीटक भुर्रकन उडाले. उंबराची फुलं फळाच्या आतच असतात, म्हणून तर कधी न दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. तोंडाशी असलेल्या छिद्रातून इवलीशी गांधीलमाशी आत शिरते, परागीकरण करते, तिथंच अंडी घालते. ती नसेल तर बी धरत नाही. हा रोग नाही, त्यावर फवारणी नको. भाजीला कोवळी, टणक, हिरवी फळं घ्या. हाताला तेल लावा, नाहीतर चीक सुटत नाही. चिरून आत बघा, मिठाच्या पाण्यात ठेवा, उकळून ते पाणी टाका, मग फोडणी द्या. पिकलेलं खायचं तर उघडून, झटकून, थोडा वेळ उन्हात ठेवून. याच ताईंनी साखरेच्या आजाराचंही विचारलंय. उंबर त्यासाठी वापरतात, पण तो माझा प्रांत नाही. वैद्यांना विचारा, आणि चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

तिसरा: व्यापारी सालीला गिऱ्हाईक आहे म्हणतो, द्यावी का?

वड, पिंपळ, पिंपरी, पारसपिंपळ यांच्या जोडीला उंबराची साल आयुर्वेदातल्या पंचवल्कलात येते, म्हणून मागणी असते. पण खोडाची साल गोल सोलू देऊ नका. पानांत तयार झालेलं अन्न आतल्या सालीतूनच मुळांपर्यंत उतरतं. कडं पूर्ण झालं की मुळं उपाशी राहतात, झाड उभ्यानं वाळतं. वळण देताना छाटलेल्या फांद्यांची साल द्या. व्यापारी कुरकुरेल, कुरकुरू द्या.

शेवटचा: "उंबर तिथं पाणी म्हणतेत, बोअर तिथंच घेऊ का?"

प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहत्संहिता या ग्रंथातही पाण्याच्या खुणांत उंबर आहे, आणि नाल्याकाठी ते जास्त दिसतं हेही खरं. पण ती वरच्या थरातल्या ओलाव्याची खूण. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात खोल बोअरला पाणी भेगांमधून मिळतं, त्या भेगा झाडाला माहीत नसतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करा. आणि विहिरीच्या बांधकामात उगवलेलं उंबराचं रोप याच पावसात, जमीन ओली असताना, मुळासकट उपटा. दोन वर्षांनी दगड सुटायला लागले की उपटणं जमत नाही. ते रोप फेकू मात्र नका, नाल्याच्या काठाला लावून द्या.