'नगण्य' मूलद्रव्यं? आधी गणून तर बघा

प्रश्न असा आलाय की कच्च्या तेलातल्या ट्रेस एलिमेंट्सना, म्हणजे अगदी अल्प प्रमाणात असणाऱ्या मूलद्रव्यांना, 'नगण्य मूलद्रव्ये' म्हटलं तर चालेल का, आणि ती किती आहेत ते काढण्याला 'निर्धारण' म्हणावं की 'निश्चिती'.

नाही चालणार. हे 'नगण्य' ऐकून कान किटलेत. नगण्य म्हणजे थोडं नव्हे हो, नगण्य म्हणजे जे गणायचीच गरज नाही ते. आणि इथं तर सगळा खटाटोप गणण्याचाच आहे. आयसीपी-एमएस या मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रात तेल झायलीन नावाच्या द्रावकात पातळ करून हजारो अंश तापलेल्या आर्गॉनच्या प्लाझ्मात फवारतात, अणूंचे आयन होतात, वस्तुमानाप्रमाणे वेगळे काढले जातात आणि डिटेक्टर ते अक्षरशः एकेक करून मोजतो. एवढं केल्यावर त्यांना नगण्य म्हणायचं? शिवाय तेलातलं व्हॅनेडियम, हा एक धातू, जळताना ऑक्साइड होतं, ते ६९०° सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि बॉयलरच्या नळ्या न् टर्बाइनची पाती खाऊन टाकतं. रिफायनरीत हेच व्हॅनेडियम आणि निकेल कॅटॅलिस्टची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवायला मदत करणाऱ्या पदार्थाची, वाट लावतात. विचारा तिथल्या माणसाला, नगण्य आहे का म्हणून.

'सूक्ष्म मूलद्रव्ये' रूढ आहे, चालतं, पण सूक्ष्म असते ती मात्रा, मूलद्रव्य नव्हे. 'लेश' सुचवणारेही आहेत, वाईट नाही, पण 'ट्रेस'मधली खरी गंमत त्यात हरवते.

कारण ट्रेस म्हणजे मुळात माग! पाऊलखुणा. आणि आपला 'माग' आला 'मार्ग'वरून, मार्ग आला 'मृग'वरून. मृग म्हणजे फक्त हरीण नव्हे, कुठलंही रानातलं जनावर, म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग. जनावर चालून गेलं की उठते ती वाट म्हणजे मार्ग. 'मागणे' हे क्रियापदही याच घरातलं, आधी शोधणे मग याचना करणे. आता काही व्युत्पत्तीवाले मार्ग हा शब्द 'मृज्' म्हणजे पुसणे, झाडणे यावरून काढतात, पावलांनी झाडून साफ झालेली ती वाट म्हणे. काढा बापडे. रानात आधी झाडू फिरला की आधी जनावर फिरलं एवढंच मला सांगा.

तेलाच्या बाबतीत तर 'माग' इतका चपखल बसतो की मी 'मागद्रव्य' असाच शब्द वापरतो. १९३४ मध्ये आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं की तेलात सापडणारी व्हॅनेडियमची पोर्फिरिनं (धातूचा अणू मधोमध धरून ठेवणारे कड्यासारखे रेणू) ही हरितद्रव्याच्या रेणूची वंशज आहेत, म्हणजे तेल हे कधीकाळच्या जिवंत वस्तूंचंच. मेलेल्या जिवाचा माग, आणि तो धातूनं राखलेला! व्हॅनेडियम-निकेलचं प्रमाण तेल खडकातून सरकलं तरी फारसं बदलत नाही, त्यामुळे दोन तेलं एकाच उगमाची आहेत का, समुद्रात सांडलेला तवंग कुठल्या तेलाचा, हे त्यावरून ताडता येतं. माग काढणं म्हणजे आणखी काय असतं?

एकानं हरकत घेतली की मागद्रव्य म्हटलं की हातमाग आठवतो. आठवू दे की. पॉवरलूमला यंत्रमाग म्हणताना कुणाला जनावरं आठवली नाहीत.

तसं 'ट्रेस'ही सगळीकडे खरं नाहीच म्हणा, व्हेनेझुएलाच्या बोस्कानच्या जड तेलात व्हॅनेडियम हजार पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भागांच्या) वर जातं, त्याला माग म्हणायचं की हमरस्ता!

हां, निर्धारण की निश्चिती ते राहिलंच. सरळ 'मोजमाप' म्हणा. 'निर्धारण' ऐकलं की मला केमिस्टबाई पदर खोचून उभ्या दिसतात.