एकच प्राणी घ्या, तोही दारातला

ताई, तीन ते सहा वर्षांची पंचवीसेक लेकरं, वाचनालयाची एकच खोली आणि ‘प्राणी’ हा विषय. सिंह, हत्ती, जिराफ, उंट यांतल्या किती गोष्टी तासाभरात बसतील, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: एक प्राणी, एक गोष्ट. आणि पहिल्या रविवारी शेळी.

उदगीरकडच्या एका वाचनालयात मी अकरा वर्षं लेकरांना गोष्टी सांगते. पहिल्या वेळी मीही सगळं जंगल घेऊन बसले होते. दुसऱ्याच पुस्तकाला चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात एक पोरगं उठून म्हणालं, “आमची शेळी रात्री व्याली, दोन पिल्लं झाली.” सगळी खोली त्याच्याकडे वळली. कोणत्या रंगाची? उभी राहिली का? मी पुस्तक मिटलं आणि त्याचंच ऐकत बसले. आपल्याकडची उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळी देते, त्यामुळे असं सांगणारं लेकरू तुमच्याकडेही निघेलच.

म्हणून सुरुवात पुस्तकानं करू नका. “शेळी कुणी जवळून बघितली?” एवढंच विचारा. मग तिच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, वरच्या जबड्याला पुढचे दातच नसतात, हे सांगा. पुढच्या रविवारपर्यंत लेकरं घरी शेळीचं तोंड उघडून बघून येतात. त्यानंतर पाच-सात मिनिटांची गोष्ट, पुस्तक छातीशी न धरता बाजूला, चित्र लेकरांकडे. सतरंजीवर अर्धगोल करून बसवा म्हणजे मागच्याला दिसतं. गोष्टीत ‘बें’ आलं की सगळ्यांनी ओरडायचं. ओरडू द्या, वाचनालय आहे म्हणून गप्प करू नका. शेवटी उड्या मारणारं करडू व्हायचं. सगळं मिळून अर्धा तास. तासभर ठेवू नका. उन्हाळ्यात सकाळी आठलाच बोलवा.

पिल्लांच्या नावांचा खेळ मला फार आवडतो: गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, मेंढीचं कोकरू, घोड्याचं शिंगरू. यात लेकरांचे शब्द दुरुस्त करू नका. कुणी करडाला ‘पाट’ म्हणेल, तांड्यावरचं लेकरू गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीतला शब्द सांगेल, कुणी दखनी उर्दूतला. तो शब्द सगळ्यांकडून एकदा म्हणवून घ्या. घरची बोली वाचनालयात चालते हे कळल्यावर गप्प बसणारं लेकरूही बोलायला लागतं.

पोळ्याच्या आठवड्यात बैल घ्या. आमच्याकडे देवणी जातीचा. कागदावर पांढऱ्या बैलाची नुसती रेघ काढून द्या आणि बोटानं काळा रंग लावायला सांगा. अंगभर ठिपके आले तर शेवरा, अंग पांढरं ठेवून तोंडच काळं केलं तर वानेरा. ही जातीतली खरी नावं आहेत, आजोबांना विचारून लेकरं खात्री करतात. नांदेडकडे असाल तर लाल कंधारी, मग रंग एकच पुरतो. खरं जनावर खोलीत आणू नका. गळ्यातली घंटा, घुंगरू, मेंढीची लोकर हातात दिली तरी पुरे. कुत्रा चावलेलं एखादं लेकरू असतं, म्हणून कुत्र्याच्या गोष्टीआधी पालकांना विचारून घ्या.

सिंह-जिराफ नकोतच असं नाही, ते चौथ्या-पाचव्या वेळी आणा. शेळीची मान किती, जिराफाची किती, असं मोजायला तेव्हा काहीतरी हाताशी असतं.

पुस्तकं कमी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत आहेत, पातळी एकच्या, म्हणजे सगळ्यात सोप्या बघा आणि छापून घ्या.

एवढं मात्र कराच: जाताना प्रत्येकाला एक पुस्तक घरी द्या. फाटतील, चिकटपट्टी लावा. सही येत नाही म्हणून अडवू नका. आमच्या नोंदवहीत नावापुढे लेकरू शेपटी, शिंग, जे जमेल ते काढतं.