कौटिल्याच्या राजनीतीत नीतीला काहीच स्थान नाही का?

हेर, कपट आणि विषप्रयोग यांविषयी इतके उघडपणे लिहिणाऱ्या कौटिल्याला निर्दय सत्ताकारणाचा आचार्य का म्हणू नये, असे आपण विचारले आहे. हा आक्षेप जुना आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथापुढे इटालियन राजकीय विचारवंत मॅकियाव्हेलीचा ग्रंथ निरुपद्रवी ठरतो, असे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९१९ मध्येच म्हटले होते, आणि या आक्षेपाला अर्थशास्त्रात आधारही सापडतो. रिता कोश, म्हणजे खजिना, भरण्यासाठी रातोरात देवता प्रकट झाल्याचा देखावा करावा, तिथे यात्रा भरवावी आणि त्या उत्पन्नावर गुजराण करावी, असे पाचव्या अधिकरणात, म्हणजे ग्रंथाच्या पाचव्या भागात, सांगितले आहे. त्याचे समर्थन मी करणार नाही.

तरीही सातवे अधिकरण सावकाश वाचल्यावर माझे मत वेगळे झाले. संधी म्हणजे तह आणि विग्रह म्हणजे युद्ध, यांपासून सारखाच लाभ होणार असेल तर संधीच करावी, असे कौटिल्य तिथे स्पष्टपणे सांगतो, कारण युद्धात माणसे मरतात, पैसा जातो, घरापासून दूर राहावे लागते आणि नाना संकटे ओढवतात. त्याच अधिकरणात पुढे प्रश्न येतो, की बलाढ्य पण अन्यायी राजावर चाल करावी की दुबळ्या पण न्यायी राजावर? सैन्यबळच मोजणारा कोणीही दुबळ्याकडे बोट दाखवील. कौटिल्य मात्र बलाढ्य अन्यायी राजाची निवड करतो, कारण त्याची प्रजा त्याच्या मदतीला धावणार नाही, उलट त्याला हाकलून देईल किंवा शत्रूला मिळेल. न्यायी राजासाठी मात्र प्रजा शेवटपर्यंत उभी राहील. नागवली गेलेली प्रजा लोभी होते, लोभातून ती विरक्त, म्हणजे राजाविषयी असंतुष्ट, होते आणि विरक्त प्रजा स्वतःच धन्याचा घात करते, अशी कारणांची साखळीच त्याने मांडली आहे.

येथे न्याय हा उपदेशाचा विषय राहत नाही. तो दुर्ग आणि कोश यांच्याइतकाच राज्याच्या बळाचा भाग होतो. कौटिल्याचा वास्तववाद मला याच ठिकाणी सर्वांत खोल वाटतो. तेराव्या अधिकरणातही, जिंकलेल्या प्रदेशात राजाने तेथील लोकांचा वेश, भाषा आणि आचार स्वीकारावा, त्यांच्या देवतांविषयी आणि उत्सवांविषयी भक्ती दाखवावी, असे सांगितले आहे, कारण लोकांच्या विरुद्ध वागणाऱ्यावर कोणीही विश्वास ठेवत नाही.